समुद्रावर मारलेली हाक

माझं माहेर भद्रावतीकडचं. बाप ढिवर, म्हणजे तलावावर मासे मारणारा माणूस, अन् मायही ढिवराचीच, मंग मी काय होणार, सांगा. आमच्या घरी पाळणा नव्हता, फाटक्या जाळ्याची झोळी बांधून तिच्यात मले निजवत होते असं माय सांगत होती, खरं का खोटं तिलेच मालूम. दहावी झाली तं लग्न लावून देलं अन् मी इकडे आली, जंगलाच्या कडेले. हे आमचं गाव ताडोबाच्या बफरमधलं. एका अंगाले धानाच्या बांध्या, एका अंगाले तलाव, अन् तलावाची पार, म्हणजे बांध, उतरली का जंगल सुरू, मधात कुंपण नाई, काई नाई. तलाव मोठा आहे, जुना आहे, माझ्या सासऱ्याच्या आज्यापासून त्याच्यावर आमचेच लोक जाळं टाकतात. माझा मालक नामदेव अजूनही टाकते.

सासूले मी मामी म्हणते. आमच्याकडे तशीच पद्धत आहे, सासरा मामाजी अन् सासू मामी. मामाजी आता नाईत. मामीचं नाव गिरजाबाई, अंगानं एवढीशी, पण आवाज असा का तलावाच्या त्या पारेवरचा माणूस डोंगा वळवून घराकडे येते. घरात मामी बोलली ते झालं. मी गाईड झाली तेव्हा तिनंच सगळ्यात जास्त तोंड सोडलं होतं. बफरमध्ये सफारी सुरू झाली, जिप्सीत पाहुण्यायच्या सोबत बसून जंगल दाखवाले गावातल्या बाया पाहिजे म्हणून ट्रेनिंग निघालं अन् मी नाव देलं. मामी म्हणे, अवं इंदू, जनमभर आम्ही वाघ दिसू नाई म्हणून हात जोडले अन् हे लोक इतक्या दुरून वाघ दिसू दे म्हणून हात जोडत येतात, अन् तू त्यायच्या संगं जाशीन? मी म्हटलं, मामी, जिप्सीत बसून जाचं आहे, पायी नाई. मंग मले खाकी वर्दी भेटली अन् ती घालून मी पहिल्या दिवशी घराबाहेर निघाली तं मामीच पारेवर उभी राहून सगळ्यायले सांगून राह्यली होती, आमची सून पाहा, फॉरेस्टवाली झाली. अशी आहे ते.

आता हाकेचं सांगते, त्याच्याशिवाय पुढचं तुम्हाले समजणार नाई. आमच्या गावात हाक म्हणजे हाक. एऱ्हवी बाई बाईले आवाज देते ते वेगळं. पण कोणी लांब आवाजात धावा हो केलं का ज्याच्या हातात जे आहे ते घेऊन त्यानं निघाचं, काठी, कुऱ्हाड, टॉर्च, नाई तं थाळी वाजवत, अन् काऊन बोलावलं हे तिथी पोचल्यावर इचाराचं. मोहाच्या दिवसात तं पाहूच नका. मोहफूल वेचाले पहाटे जावं लागते, बाई वाकून वेचून राह्यली का वाघाले वाटते, जनावरच आहे. अन् वाघानं काई ओढून नेलं का जमिनीवर खूण राह्यते, मधात सपाट, सारवल्यासारखी, बाजूनं ओरखडे. तिले आम्ही घसट म्हणतो. ट्रेनिंगमध्ये मले पावलाचे ठसे शिकवले पण घसट मामीनं शिकवली. आमचा बैल गेला होता एका साली, तेव्हा घसट दाखवून म्हणे, हे दिसलं का पाय थांबवाचे अन् तोंड उघडाचं. त्या दिवशी मामीच्या हाकेवर सगळं गाव आलं, बैल तं काई वाचला नाई, पण मामी दुसऱ्या दिवशी घरोघरी गुळाचा खडा देऊन आली. आपल्यासाठी धावलेल्या माणसाचं तोंड गोड कराचं, ही तिच्या माहेरची रीत.

माझी पोरगी काजल. एकच. लहानपणापासून बापाच्या संगं डोंग्यात, म्हणून तिले मासे पुस्तकात शोधाले लागले नाई. मरळ पिल्लं कशी राखते, झिंगा कात कशी टाकते, हे तिनं डोळ्यानं पाह्यलं. बारावी सायन्सची परीक्षा देली अन् म्हणते, आई, मले मासळीच्या कॉलेजात जाचं आहे, तिकडे कोकणात, समुद्रापाशी. तिच्या बापानं इचारलं, नागपूरले नाई का गं? ती म्हणते, बाबा, समुद्राचे मासे नागपूरले काऊन येईन? नामदेव हसला, पण मामी हसली नाई. मामी म्हणे, सात पिढ्या मासे मारून राह्यलो, आता मासा शिकाले कॉलेज कायले पाहिजे? काजल म्हणे, आजी, मारणं वेगळं अन् वाढवणं वेगळं. मामी सुपडा घेऊन धान पाखडाले बसली. पाखडता-पाखडता म्हणते, शिकू दे, शिकाले माझी ना नाई. पण तिकडे पोट्टी एकटी. रात्री-बेरात्री तिनं हाक मारली तं कोण धावन? आहे का कोणी आपलं? बस, एवढंच. काजल आतल्या खोलीत जाऊन रडली. अन् काय सांगू तुम्हाले, मलेही मनातून तेच भेव वाटत होतं, फक्त मी बोलून राह्यली नव्हती.

त्याच दिवसात आमच्या बाया-गाईडचा अभ्यास दौरा निघाला. एका संस्थेनं ठरवला होता, तिकडच्या बाया पाहुण्यायले समुद्र कसा दाखवतात, घरात कसं ठेवून घेतात, ते आम्ही पाहाचं म्हणून. अर्ध्या जणी जाणार, अर्ध्या सफारीच्या गेटवर. अन् नशीब पाहा, जिथी नेणार होते ते गाव काजलच्या त्या कॉलेजच्या जवळच निघालं. निघाच्या तोंडावर एकीच्या लेकराले गोवर निघाला, जागा रिकामी झाली. मी संस्थेच्या मॅडमले इचारलं, सासूले आणू का? मॅडम म्हणे, आणा. मंग मामीले म्हटलं, मामी, तुम्ही सवताच्या डोळ्यानं ते मुलूख पाहून घ्या, अन् मंग हो म्हणा नाई तं नाई म्हणा, मी पुन्हा इचारणार नाई. मामी म्हणे, मोहाचे दिवस आहेत वं. मोहाचे दिवस सोडून मामी पाहुण्याच्या लग्नालेही जात नाई. पण काजलकडे पाह्यलं अन् उठली, मागच्या वर्षीचा मोह काढला, भाजला, कुटला, तीळ-गूळ घालून लाडू केले, मोठा डबा भरून. तिकडचं जेवण आपल्याले चाललं नाई तं, म्हणे.

बल्लारशावरून रेल्वे, मंग दुसरी रेल्वे, मंग घाटातून बस, माझं तं डोकं गरगरलं, मामी मात्र खिडकीत. पोचलो तवा अंधार पडला होता. समुद्र दिसला नाई, नुसता ऐकू आला. मामी म्हणे, एवढा वारा कुठला? मी म्हटलं, वारा नाई, पाणी आहे. ज्यायच्या घरी उतरलो ते दत्ताराम अन् वासंतीबाई, नवरा-बायको. नवरा होडी चालवते, पाहुण्यायले फिरवते, बायको घर सांभाळते. नारळ घातलेलं मासळीचं कालवण अन् भात देला. मामी सगळं जेवली, डबा उघडलाच नाई. काजलचा फोन आला, आजी काय म्हणते? मी म्हटलं, आजी अजून भात खाऊन राह्यली.

पहाटे माझी झोप उघडली, सवय आहे, आमची गेटची ड्यूटी पहाटेचीच. पाहते तं बाजूचं अंथरूण रिकामं. मामीलेही मोहाची सवय, ते त्याच वक्ताले उठते. मी अंगणात आली, नाई. विहिरीपाशी आली, नाई. मंग वाडीच्या खालच्या अंगानं वाळूवर उतरली. उजेड नुकता फाकून राह्यला होता, समुद्र पहिल्यांदा पाह्यला मी तेव्हा, पण पाह्यला कुठी, माझं लक्ष वाळूत. मामीच्या चपला. दोन्ही बाजू-बाजूले ठेवलेल्या. अन् त्या चपलांच्या बाजूनं, बाप्पा, घसट.

मधात सपाट, एका माणसाच्या अंगाएवढी रुंद. दोन्ही अंगाले ओरखडे, जसं कोणी जीव वाचवाले वाळूत हात खुपसत गेलं. अन् ते सरळ पाण्यात गेलेलं. तुम्ही म्हणान, समुद्रावर कुठचा वाघ? पण आमच्या तलावात वाघ पोहते हो, मी डोळ्यानं पाह्यला आहे, हरण धरून या पारेवरून त्या पारेवर गेला. डोकं चाललंच नाई. पाय थांबले अन् तोंड उघडलं. धावा होऽऽ, वाघानं नेलीऽऽ, मामीले नेलीऽऽ! असा आवाज मी कधी काढला नव्हता, मामीचाच आवाज माझ्या गळ्यात आला असं वाटलं.

अन् वाडी आली. मी आधी आमच्या गाईड बाया येतील असं समजत होती, तं त्यायच्या आधी वाडी आली. माडाच्या बागांतून, गल्ल्यांतून, घराच्या मागच्या दारातून. एक माणूस तोंडात ब्रशचा फेस घेऊन, एक म्हातारा वल्हं घेऊन, एक बाई मासळीची पाटी तशीच डोक्यावर घेऊन, अन् दोन पोरं फुगवलेला टायरचा ट्यूब घेऊन, तिघं दोरखंड घेऊन पाण्याकडे पळून राह्यले. मले समजेना, वाघाले ट्यूब कायले? नंतर समजलं, तिकडे हाक म्हणजे कोणी बुडालं. कोणीच काऊन म्हणून इचारलं नव्हतं, दोर घेऊन निघाले होते.

अन् त्या सगळ्या गर्दीत मागून एक आवाज, माझ्याही वरचा, कोणाले नेलंऽऽ? अवं कोणाले नेलं? पाहते तं मामी. हातात सुरूच्या झाडाची तुटकी फांदी घेऊन, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, वाळूतून धावत. मी म्हटलं, तुम्हालेच नेलं नं मामी! मामी म्हणे, मले? मले कोण नेईन? मी तं समुद्राच्या पाया पडून सुरूच्या बनाकडे फिराले गेली होती, देवाच्या पुढं चपला घालून कशी जाणार?

मंग दत्तारामभाऊ पुढं आला. त्यानं घसट पाह्यली, माझ्याकडे पाह्यलं, पुन्हा घसट पाह्यली. म्हणे, अगो बाय, वाघ कुठचा? कासवीण आली होती अंडी घालाया. ही तिची चाल, पाण्यातनं वर आली, वर अंडी घातलीन, तशीच परत गेली. अन् तो त्या घसटीच्या मागं मागं वर गेला, आम्ही सगळे त्याच्या मागं, अन् एका जागी त्यानं हातानं वाळू हळूहळू बाजूले केली तं खाली पांढरी अंडी, पिंगपाँगच्या चेंडूसारखी. ओरखडे तिच्या वल्ह्यासारख्या पायाचे होते.

हसले ना सगळे. हसले म्हणजे काय हसले. ब्रशवाल्या माणसाच्या तोंडातला फेस माझ्या खांद्यावर उडाला. आमच्या गाईड बायाच सगळ्यात जास्त हसून राह्यल्या, एक म्हणते, इंदूताई, गेटवर पाटी लावू, इथी समुद्राचा वाघ दाखवला जाईन. वासंतीबाई पदरानं डोळे पुसत होती. मीही हसली, काय करणार. पण मामी हसली नाई. चपला घातल्या, फांदी बाजूले ठेवली, अन् वासंतीबाईले इचारलं, ते ट्यूब आणणारी पोरं कोणाची वं? मंग म्हणे, तो म्हातारा कोणच्या घरचा? सगळ्यात दूरचं घर कोणतं?

मले वाटलं, मामीचा अपमान झाला, मी ओरडून तिचा तमाशा केला, आता ते एकेकाचं नाव ध्यानात ठेवून राह्यली, कोण कोण हसलं. झालं, काजलचं कॉलेज मी माझ्या तोंडानं बुडवलं. तेवढ्यात फोन. आई, आजी काय म्हणते? मी म्हटलं, आजी बिलकुल बोलून नाई राह्यली, तू आता फोन करू नको.

चहा-पोहे झाल्यावर होडीत बसवलं. दत्तारामभाऊ दिवसभर आमचा गाईड. सगळ्यायले ते नारंगी जॅकेट घालून देले, मामीच्या लुगड्यावर जॅकेट, अन् डोक्यावर पदर, आमच्या बायायनं फोटो काढले तं मामी म्हणे, वरातीत बसवता का मले? पण होडीत कसं बसाचं ते तिलेच येत होतं. आम्ही वाघाच्या समोर ताठ बसणाऱ्या बाया, पण लाट आली का एकमेकीच्या गळ्यात. मामी मधात मांडी घालून बसली, हात पाण्यात घातला, बोट चाखलं अन् थुंकली. म्हणे, एवढं मीठ कोणं टाकलं? दत्तारामभाऊ म्हणे, आजी, तुमच्या तलावाला नाही का मीठ? मामी म्हणे, आमचं पाणी गोड आहे, मासाही गोड. मंग दोघायचं जे सुरू झालं, कोणता मासा कोणच्या जाळ्यात, कोणच्या महिन्यात धराचा नाई, आम्ही बाकीच्या बसलो ऐकत. मामी बोलून राह्यली होती, पण त्याच्याशी. माझ्याशी नाई.

डॉल्फिन पाहाचा होता आम्हाले. होडी दूर गेली, किनाऱ्याची झाडं बोटभर दिसाले लागली, डॉल्फिन काई दिसून नाई राह्यला. मी दत्तारामभाऊले इचारलं, दिसन का? तो म्हणे, समुद्र आहे बाय, त्याच्या मनावर. अन् मले एकदम हसू फुटलं, कारण हेच मी रोज म्हणते, जंगल आहे साहेब, त्याच्या मनावर. अन् पाहुणा माझ्याकडे असा पाहते जसा मी वाघ घरी बांधून ठेवला. आता आम्ही तशाच. एक म्हणते, काल दिसला होता का? दुसरी म्हणते, दुसऱ्या होडीवाल्याले फोन लावा नं, त्याले दिसला असन. तिसरी म्हणते, इतक्या दुरून आलो आम्ही. मी म्हटलं, बायांनो, ऐका आपलेच शब्द. मंग आम्ही सगळ्या खो-खो हसलो, दत्तारामभाऊले समजेना काय झालं. त्याले सांगतलं तं तोही हसला, म्हणे, म्हणजे वाघाचा पण हाच धंदा काय!

मंग त्यानं इंजिन बंद केलं. नुसतं पाणी. आम्ही जंगलात बसतो तशा चूप बसलो, ते आम्हाले येते. घडीभर काईच नाई. अन् मंग मागून आवाज आला, म्हशीनं नाकातून श्वास सोडावा तसा, फुस्स. मामीनंच पहिले पाह्यलं. डुक्कर! ओरडली. पाण्यात डुक्कर! अन् खरंच, धानाच्या बांधीतून रानडुकराची काळी पाठ वर येते अन् खाली जाते, तशीच पाठ वर आली, चमकली, खाली गेली. मंग दुसरी. मंग एक लहान, मायच्या अंगाले चिकटून. आमच्यातल्या एकीलेही फोटो काढाचं सुचलं नाई. दत्तारामभाऊ म्हणे, हा मासा नव्हे आजी, पाण्यात राहतो पण श्वास घ्यायला वर येतो. मामी म्हणे, समजलं मले, आवाज ऐकला नं मी.

दुपारी खाडीत नेलं. खाडी म्हणजे समुद्र जमिनीच्या आत शिरला तो भाग, दोन्ही अंगानं कांदळवन, चिखलातून मुळं वर आलेली, जसे कोणी खुंटे ठोकले. तिथी एका वठलेल्या झाडावर समुद्राचा गरुड बसला होता, पांढरं पोट, पंखात राखाडी रंग. पण मामीचं लक्ष खाली चिखलात. बोटाएवढे मासे चिखलावर चालून राह्यले होते. चालून! पंखावर रेलून, उड्या मारत, डोळे वर काढून. निवटी म्हणतात तिकडे त्याले. मामी होडीच्या कडेवर वाकली, मी मागून जॅकेट धरलं. मामी स्वतःशीच म्हणे, मासा चालते. हे पोट्टीले दाखवाले पाहिजे. मी कान टवकारले. पण मामी पुन्हा चिखलाकडे वाकली. मी मनात म्हटलं, फोटोत दाखवाचं म्हणत असन.

संध्याकाळी वाळूवर परत. तिकडचे लोक कासवाची अंडी कुंपणात ठेवतात, पिल्लं निघाली का समुद्रात सोडतात. त्या दिवशी निघाली होती. टोपली उचलली तं खाली वळवळ, आमच्या वाटीत मावतील एवढी पिल्लं, काळी, पाण्याकडे चालाले लागली. वाडीच्या बाया अन् लेकरं दोन्ही अंगाले उभी, कावळ्याले हाकलत, कुत्र्याले आवरत. मामीनं इचारलं, यायची माय कुठी आहे? दत्तारामभाऊ म्हणे, ती गेली, ती परत नाय येत, ही आपली आपण जातात. माझ्या डोळ्यात पाणीच आलं. मले वाटलं, हीच वेळ आहे. मी म्हटलं, मामी, पाहा नं, केवढीशी आहेत अन् एकटी जाऊन राह्यली, आपली काजल तं केवढी मोठी. मामीनं माझ्याकडे पाह्यलं अन् म्हणे, काजल कासव आहे का? काईही बोलते तू. अन् घराकडे चालाले लागली.

आता काय बोलाचं, सांगा. मी मागं मागं. मामी घरात गेली, पिशवीतून लाडवाचा डबा काढला. मले वाटलं, रुसली, आता इथलं जेवणारही नाई, लाडू खाऊन झोपन. तं ते डबा काखेत घेऊन बाहेर आली, वासंतीबाईले म्हणे, चाल वं माझ्या संगं, घरं दाखव. पहिलं घर म्हाताऱ्याचं, वल्हंवाल्याचं. मामीनं दोन लाडू त्याच्या हातावर ठेवले. म्हणे, मोहाचे आहेत, आमच्या जंगलातले. तुम्ही सकाळी धावून आले. म्हातारा म्हणे, अहो, काय घडलंच नव्हतं. मामी म्हणे, ते तुम्हाले थोडंच मालूम होतं.

अन् मंग म्हणे, माझी नात येऊन राह्यली इकडे शिकाले. काजल नाव आहे. तिनं हाक मारली तं असेच धावा, बाबा.

मी दारात उभी होती. तिथीच ओट्यावर बसली. सकाळी मामी घरं कायले इचारत होती, अन् मी काय समजून राह्यली होती! मामी ब्रशवाल्याच्या घरी गेली, पाटीवालीच्या घरी गेली, ट्यूबवाल्या पोरांच्या घरी गेली, सगळ्यात दूरच्या घरीही गेली, त्या घरचा माणूस दोर घेऊन आला होता. प्रत्येक घरी तेच बोलली, एक शब्द इकडे-तिकडे नाई. शेवटच्या घरची बाई म्हणे, आजी, हाक मारायची काय गरज, रविवारी जेवायला येऊ दे की. डबा रिकामा झाला. मी मामीले इचारलं, आपल्याले एकही नाई ठेवला? मामी म्हणे, घरी मोह पडून राह्यला आहे, चाल लवकर, वेचाचा आहे.

फोन मी मामीच्या हातात देला. काजल तिकडून, आई, आजी काय म्हणते? मामी म्हणे, आजीच बोलून राह्यली. इथी मासा चिखलात चालते, ते मले समजलं नाई. तू शिकून घे अन् मले सांग. त्याच्यावर काजल काय बोलली ते मले ऐकू आलं नाई, मामीनं फोन कानाले असा दाबला होता. पण मामी घडी-घडी म्हणून राह्यली होती, रडू नको, बह्याडे, रडू नको.

काजल आता तिसऱ्या वर्षाले आहे. आमच्या दोन्ही घराण्यात कॉलेज पाह्यलेली पहिलीच. होस्टेलात राह्यते, सुटीच्या दिवशी वासंतीबाईकडे जाते, तिकडचं बोलणंही शिकली, फोनवर मले अगो आये म्हणते, मी म्हणते, नीट बोल. आजीले चिखलात चालणाऱ्या माशाचं सांगतलं तिनं, तो ओल्या कातडीतून श्वास घेते म्हणून. मामी तलावावर सगळ्या बायायले तेच सांगत बसते, जसं तिनंच शोधून काढलं. हाक मारायची पाळी अजून आली नाई. एकदा ताप आला होता पोरीले, तं तिनं सांगाच्या आधीच दत्तारामभाऊ मोटारसायकल घेऊन होस्टेलच्या दारात.

या हिवाळ्यात ते दोघं नवरा-बायको आमच्याकडे आले. मी सवता त्यायले जिप्सीत फिरवलं. वाघ दिसला नाई. दत्तारामभाऊ मले म्हणे, काल दिसला होता काय? मी म्हटलं, भाऊ, तुम्ही तरी नका बोलू. मंग तलावावर आणलं. तिथी नामदेवनं सकाळी डोंगा पाण्यातून वर ओढला होता, चिखलात त्याची लांब सपाट खूण पडली होती. वासंतीबाईनं ती पाह्यली अन् पदर तोंडाशी नेऊन, माझ्याकडे पाहत, हळूच म्हणते, अगो बाय, कासवीण! मामी एवढी हसली, एवढी हसली का तिले पारेवर बसवून पाणी पाजावं लागलं. समुद्रावर हसली नव्हती ते सगळं तिथी हसली.

माझं काय, गेट आहे, वर्दी आहे, पहाटेचं उठणं आहे. मामीचे गुडघे दुखतात, यंदा मोहाले तिले जाऊ देलं नाई तं पारेवर बसून आम्हालेच शिव्या. संध्याकाळी फोन लावून द्या म्हणते, अन् फोन ठेवताना काजलले रोज एकच बोलते. सुखी राह्य, मोठी हो, असं काई नाई. म्हणते, जिथी राह्यशीन तिथी तुझ्या हाकेले माणूस येवो, अन् कोणी हाक मारली तं तू पहिली धाव. मीही आता तेच म्हणते, माझ्या पोरीले, अन् तुम्हालेही.